उस्तो नियोझमतचं धाबं

आमच्या खुशोब गावात त्रेचाळीस घरं आहेत आणि त्रेचाळीस घरांवर मातीची धाबी आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावर जर्दाळू वाळतात, पोरं झोपतात आणि बायका एकमेकींची उणीदुणी काढतात. पण ऑक्टोबर लागला की तेच धाबं जिवाला घोर लावतं. त्यावर भुसा-मातीचा नवा थर चढला नाही, तर जानेवारीत वरचं बर्फ खाली येऊन आपल्याबरोबर चहाला बसतं. थर चढवणारे तरणे हात सगळे रशियात दुसऱ्यांची घरं बांधायला गेलेले. मागे राहिला एकटा उस्तो नियोझमत. उस्तो म्हणजे आमचा गवंडी. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे.

मी त्याची शेजारीण. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, म्हणून अख्खं गाव मला बाई म्हणतं, उस्तोसुद्धा. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही. बरंचसं भिंतीतून ऐकलेलं आहे, पण ऐकीव नाही.

उस्तोच्या हातात कसब आहे यात वाद नाही. गारा तयार झाला की नाही हे तो हात न लावता सांगतो. माती, भुसा आणि पाणी कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी वर वाकून वास घ्यायचा. आंबट वास आला तर म्हणायचं, "उठली." नाही आला तर परत तुडवायला लावायचं. त्यानं लिंपलेल्या धाब्यावर पाण्याचा थेंब थांबत नाही, सरळ पन्हळीची वाट धरतो. दोष एकच, त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. कुणीही फाटकाशी येऊन खाकरलं की हा थापी उचलून निघाला. गावाला 'आलोच' आणि बायकोला 'उद्या', हे दोन शब्द त्याला सगळ्यात चांगले येतात.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल तर उस्तोच्या घरी जावं. नऊ वर्षांत त्याच्या स्वतःच्या धाब्याला नवा थर लागला नव्हता. अकरा ठिकाणी गळायचं आणि अकरा ठिकाणांना अकरा भांडी ठरलेली होती. चुलीशेजारी एनॅमलची बादली, मधल्या खांबापाशी पितळी तसराळं, गाद्यांच्या ढिगाजवळ ओशची, म्हणजे आमच्या पुलावाची, मोठी कढई. त्याची बायको होसियत पाहुण्याला आधी जागा दाखवायची आणि मग चहा द्यायची. "इथे बसा," ती म्हणायची, "इथे फक्त मार्चमध्ये गळतं."

होसियत शांत बाई आहे. शांत म्हणजे गरीब नव्हे. ती बोलत नाही, मोजत असते.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी अवेळी पाऊस आला आणि नेमकी त्याच दिवशी विहीणबाई आली. उस्तोची एकुलती मुलगी मवलुदा दोन वर्षांपूर्वी खालच्या खोऱ्यात दिली होती, तिची सासू. मवलुदाला दिवस गेले होते, जानेवारीत, ऐन चिल्ल्यात मोकळी होणार होती. चिल्ल्याच्या त्या चाळीस दिवसांत आमच्याकडे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, तेच ठरवायला विहीणबाई आली होती. होसियतनं मलाही बोलावलं होतं, मवलुदा माझ्याच हाताखाली शिकलेली म्हणून. विहीणबाईला घरातली सगळ्यात कोरडी जागा दिली होती. तिनं पियाली ओठांना लावायला आणि वरून थेंब पियालीत पडायला एकच गाठ पडली. तिनं पियालीत बघितलं, मग वर बघितलं, मग उस्तोकडे बघितलं.

"तुमच्याकडे चहात पाणी मागाहून घालतात वाटतं," ती म्हणाली.

उस्तो म्हणाला, "उद्याच लिंपणार आहे."

"लिंपा हो, सावकाश लिंपा. सून माहेरी यावी असं मलाही वाटतं. पण चिल्ल्यात आणि या छपराखाली नाही. तान्ह्या बाळाला आंघोळ आपण घालायची असते, छपरानं नाही. नोव्हेंबर लागायच्या आत धाबं झाल्याचा निरोप आला तर पाठवीन. नाहीतर आमच्याकडे कोरडी खोली आहे."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण विहीणबाई चुकीचं बोलली नव्हती, आणि तेच होसियतला लागलं. दोन्ही मुलगे रशियात, वर्षातून एकदा फोन. मवलुदा चाळीस दिवस घरी येणार या एका गोष्टीवर ती उन्हाळाभर जगली होती. गाद्यांचा कापूस पिंजून झाला होता, पाळण्याची दोरी वळून झाली होती. विहीणबाई गेल्यावर तिनं ती थेंब पडलेली पियाली धुतली, पुसली आणि फळीवर उपडी ठेवली. मी उस्तोच्या जागी असते तर त्याच संध्याकाळी शिडी लावली असती.

उस्तोनंही लावली. शिडी लावून अर्ध्यावर चढला तोच फाटकाशी पाणचक्कीवाला सफर खाकरला, त्याच्या कोठाराचा कोपरा खचला होता. दुसऱ्या दिवशी मशिदीची पन्हळ निघाली. तिसऱ्या दिवशी एका विधवेचं धाबं, तिला तर नाही म्हणताच येत नाही. मग तिच्या दिराचं, कारण तो रुसला. असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी फाटकाशी कोण खाकरलं ते सांगायला मला लाज वाटते. मी खाकरले. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ओल आली होती.

"सोमवारी आलोच, बाई," उस्तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागे होसियत उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत लसणाकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

आता बर्फाच्या चिठ्ठीचं सांगायला हवं, कारण उस्तोची सगळी मिजास त्या चिठ्ठीवर उभी होती. आमच्याकडे वर्षाचं पहिलं बर्फ पडलं की लोक एकमेकांना चिठ्ठी पाठवतात. 'बर्फ आमचं, मेजवानी तुमची' असं वर लिहायचं आणि खाली काय हवं ते मागायचं. चिठ्ठी गुपचूप समोरच्याच्या घरात पोचवून पोचवणारा निसटला, तर घरवाल्यानं मागितलेलं द्यायचं. पण पोचवणारा हाती लागला, तर त्याच्या तोंडाला तव्याची काजळी फासायची आणि मेजवानी त्यानंच द्यायची. पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणी यातून सुटत नाही. सुटला होता फक्त उस्तो. एकतीस वर्षांत एकही चिठ्ठी त्याच्या घरात शिरली नव्हती. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे मागायला कागद कशाला लागतो, असं मी म्हणायची. पण मागणं वेगळं आणि जिंकून मागणं वेगळं.

पहिल्या बर्फाच्या दिवशी हा माणूस कुणाच्या हातून काही घ्यायचा नाही. रोटी मधून फाडून आत बघायचा. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. सात वर्षांपूर्वी मी त्याच्या थापीच्या मुठीला चिठ्ठी गुंडाळून वर चिंधी बांधली होती, चांगली डोकं चालवून. त्यानं मला कुंपणापाशी धरलं. छत्तीस पोरांच्या वर्गासमोरून मी काळं तोंड घेऊन घरी गेले आणि वर आठ माणसांचा ओश घातला. तेव्हापासून मी त्याच्या हरण्याची वाट बघत होते, हे कबूल करते.

तर सोमवारी माझं धाबं धरायचं ठरलं होतं. त्याआधी बुधवारी उस्तोनं आपल्या घराच्या खिडक्या बंद केल्या. स्वतःच्या घरातलं हे एक काम तो दरवर्षी न चुकता करायचा, कारण ते तासाभरात होतं आणि गल्लीतून दिसतं. काचेच्या आणि चौकटीच्या फटीत कापूस ठासायचा आणि वरून आतल्या बाजूनं कागदाच्या पट्ट्या कणकेच्या खळीनं चिकटवायच्या. पट्टीचा अर्धा भाग लाकडावर, अर्धा काचेवर. कागद मवलुदाच्या शाळेच्या वह्यांचा. तिच्या अकरा इयत्तांच्या वह्यांचा गठ्ठा होता, दर हिवाळ्याला एक वही खर्ची पडायची. मवलुदा सासरी गेल्यावर उस्तो त्या पट्ट्या जरा जपूनच लावायला लागला होता. एकदा हिवाळ्यात मी गेले तेव्हा तो खिडकीशी बसून बेरजा वाचत होता.

"हिचं सातवीतलं अक्षर बघा बाई," म्हणाला. "मुंग्यांसारखं एका रांगेत."

त्या बुधवारी होसियत पट्ट्या कापून, खळ लावून एकेक त्याच्या हातात देत होती आणि तो शीळ घालत चिकटवत होता. मी अंगणात गोवऱ्या रचत होते, मला शीळ ऐकू येत होती. होसियत कधी नव्हे ती त्याच्या मदतीला उभी आहे, याचं मला नवल वाटलं. पण गोवऱ्या शंभरावर होत्या, नवल करत बसायला वेळ नव्हता.

रविवारी पहाटे बर्फ पडलं.

आमच्याकडचं पहिलं बर्फ म्हणजे नुसती सूचना असते. एक दिवस राहतं, वितळतं, आणि मग दोन-तीन आठवडे कोरडं ऊन मिळतं. त्या उन्हात ज्याचं काम उरकलं तो वाचला. पण सूचना असली तरी चिठ्ठ्यांना ती पुरते. सकाळपासून गल्लीत धावपळ होती. पाणचक्कीवाल्या सफरनं उस्तोला अक्रोड दिला, उस्तोनं तो दगडावर फोडला आणि आतली चिठ्ठी न उघडता त्याच्याच खिशात घातली. सफरचं तोंड काळं झालं. मशिदीतून येताना कुणीतरी त्याच्या डगल्याच्या टोपीत चिठ्ठी टाकली, तर हा टोपी उलटी करूनच गेला होता. होसियतनं चहा पुढे केला तर म्हणाला, "खाली ठेव. मी उचलतो." नवऱ्याच्या या वागण्यावर दुसरी कुणी पियाली त्याच्या डोक्यात घातली असती. तिनं मुकाट्यानं खाली ठेवली.

दहाच्या सुमारास तो धाब्यावर चढून लाकडी फावड्यानं बर्फ ढकलत होता आणि वरून गल्लीशी बोलत होता.

"बत्तीस वर्षं झाली रे आज. आहे का कुणी अजून? या, मी इथेच आहे."

मी दारापुढचं बर्फ झाडत झाडत त्याच्या खिडकीपर्यंत गेले. सवयीनं काचेतून पट्ट्यांकडे बघितलं. बाहेरून बघितलं की पट्टीची खळीकडची बाजू दिसते, मवलुदाच्या वहीची एक ओळ वाचल्याशिवाय मी कधी पुढे जात नाही. अक्षर तिचंच होतं, मुंग्यांच्या रांगेचं. पण काहीतरी चुकत होतं. काय ते कळायला मला थोडा वेळ लागला. कागदावर माझी लाल शाई नव्हती. मवलुदाच्या कुठल्याही वहीचं कुठलंही पान माझ्या लाल शाईवाचून गेलेलं नाही. हे पान मी तपासलेलं नव्हतं.

मग मी वाचलं. वरच्या पट्टीवर लिहिलं होतं: 'बर्फ आमचं, मेजवानी तुमची. बाबा, पकडलंत तर काजळी माझ्या तोंडाला. नाही पकडलंत तर पुढे वाचा.'

पुढचं उजव्या बाजूच्या उभ्या पट्टीवर होतं, त्यासाठी मान खांद्यावर टाकावी लागली. 'गावातल्या सगळ्या धाब्यांच्या आधी आपलं धाबं. या बर्फानंतरच्या पहिल्या उन्हात.' डावीकडची उभी पट्टी वाचायला मान दुसऱ्या खांद्यावर. 'सगळ्या गावाला हाशरला बोलवा, सगळ्यांनी मिळून तुडवायचं, आणि सगळ्यांना आईच्या हातचा ओश.' खालची पट्टी दिसत नव्हती. बाहेरच्या कठड्यावर वीतभर बर्फ साचलं होतं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो सोमवारचा. हे वाचलं गेलं तर माझं धाबं मागे पडणार. बर्फ चाललं होतं वितळायला, संध्याकाळपर्यंत काचेवर ओल येऊन अक्षर फुटलं असतं. गप्प राहणं सोपं होतं. मग मला होसियतचं ते लसूण सोलणं आठवलं, आणि ती सात वर्षांपूर्वीची काजळीही आठवली. कशानं जास्त काम केलं ते मला विचारू नका.

"उस्तो," मी हाक मारली, "तुझ्या खिडक्या छान झाल्यात हो."

"सुईएवढा वारा येणार नाही, बाई," तो वरून म्हणाला.

"वारा नाही येणार. बाकी काय काय आलंय ते येऊन बघ."

तो उतरेपर्यंत खिडकीशी सात-आठ माणसं जमली होती आणि सगळी दाणा दिसलेल्या कोंबड्यांसारखी माना वाकड्या करून उभी होती. उस्तो आधी घरात गेला आणि त्यानं आतून पट्ट्या तपासल्या. आतून नद्यांची नावं आणि एक नकाशा दिसत होता, कारण होसियतनं जुन्या वहीचे कागद वरून डकवले होते. तो काचेआडून आम्हाला हातानं विचारत होता, काय आहे म्हणून. सफरनं आपल्या काळ्या तोंडानं त्याला बोटानं बाहेर बोलावलं.

बाहेर येऊन त्यानं वाचलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे चालत नाही," तो म्हणाला. "हे मी बुधवारी चिकटवलंय. बर्फ पडलं आज. बर्फाआधीची चिठ्ठी म्हणजे नुसता कागद."

गावचे सगळ्यात थोरले शोदीबोबो काठी टेकत आले होते. शंभरीला टेकलेत असं ते स्वतः सांगतात, आम्ही ऐंशी धरतो. चिठ्ठीच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा.

"तू वाचलीस कधी?" त्यांनी विचारलं.

"आत्ता."

"आत्ता बर्फ आहे का?"

"आहे."

"चिठ्ठी वाचली तेव्हा पोचली. पुढे बोल."

उस्तोनं जरा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "पोचवणारा निसटला पाहिजे ना? निसटलाय कुठे? ही काय, उंबऱ्यात उभी आहे. होसियत, हलू नकोस. मी तिला पकडली."

"तिला तू बत्तीस वर्षांपूर्वी पकडलीस," शोदीबोबो म्हणाले, "ते धरायचं नाही. होसियत, तू चिकटवलीस का गं ही चिठ्ठी?"

"मी कशाला चिकटवू, बोबो?" होसियत म्हणाली. "मवलुदानं जर्दाळूच्या पिशवीतून पाठवली. मी नुसती खळ लावली. घरात नेली, चौकटीला लावली, वरून हात फिरवला, ते सगळं यांनी."

"म्हणजे पोचवणारा तूच," शोदीबोबो उस्तोला म्हणाले. "आता ठरव. पोचवणारा निसटला म्हणालास, तर चिठ्ठी लागू, मेजवानी तुझी. पोचवणारा सापडला म्हणालास, तर सापडलेल्याच्या तोंडाला काजळी आणि मेजवानी त्याची. तोही तूच."

आपलेच दात, आपलेच ओठ. होसियतनं पाठीमागे धरलेला तवा पुढे केला. चांगला दोन दिवस न घासलेला होता.

उस्तो तरी ऐकेना. म्हणाला, उद्या बाईंचं धाबं आहे, मी शब्द दिलाय. मंगळवारी सफरच्या भावाचं. बुधवारी शाळेचं. "घरचं काय, घरचं कधीही करता येतं. उद्या, फार तर परवा." तो बोटं मोजत होता आणि बोलता बोलता, हाताला काम हवं म्हणून, खिडकीच्या कठड्यावरचं बर्फ झाडत होता. ते झाडताना खालची पट्टी उघडी झाली. तो वाकला. मीही वाकले, शेजारीणच मी.

तिथे लिहिलं होतं: 'सासूबाईंची खोली कोरडी आहे, उबदार आहे. मला तिथे कशाची कमी नाही. पण बाबा, मला घरी यायचंय.'

उस्तो बराच वेळ वाकलेला राहिला. आम्हाला वाटलं गुडघा धरला. मग तो सरळ झाला, होसियतच्या हातातल्या तव्यावर त्यानं दोन्ही पंजे टेकवले आणि ते आपल्या गालांवरून खाली ओढले. डोळ्यांखाली काजळी लगेच ओली झाली.

"भुसा किती आहे घरात?" त्यानं बायकोला विचारलं.

"सहा पोती. ऑगस्टपासून बाजूला काढून ठेवलाय."

"माती?"

"गोठ्यामागे. चाळलेली."

मी म्हटलं ना, ती बोलत नाही, मोजत असते.

मंगळवारी ऊन पडलं आणि सगळं गाव त्यांच्या अंगणात उतरलं. म्हाताऱ्या बाया सलवारी गुडघ्यापर्यंत खोचून गाऱ्यात उतरल्या. मीही उतरले. तो गारा पायाला असा झोंबतो की बोटं आपली आहेत की शेजारणीची हे खाली बघून ठरवावं लागतं. शोदीबोबो काठी रोवून बाजूला बसले आणि कोण काम चुकवतं ते मोठ्यानं सांगत राहिले. उस्तो धाब्यावर, आणि एक गंमत अशी की नऊ वर्षं दुसऱ्यांच्या धाब्यांवर काढल्यामुळे त्याला स्वतःचं धाबं कुठे गळतं तेच ठाऊक नव्हतं. होसियत घरात एकेका भांड्याच्या जागी उभी राहून झाडूच्या दांड्यानं छताला खालून ठोकायची आणि ओरडून सांगायची, "ही बादली." मग, "ही कढई." उस्तो वर त्या ठोक्यावर थापी मारायचा. असे अकरा ठोके झाले. बाराव्या ठिकाणीही तिनं ठोकलं. तिथे गळत नव्हतं, तिथे पाळणा टांगायचा होता.

दुपारी, अर्धं धाबं झालेलं असताना, फाटकाशी कुणीतरी खाकरलं. वरच्या आळीचा मुल्ला होता, त्याच्या ओसरीचा कोपरा. सगळं अंगण थांबलं. उस्तोनं थापी खाली ठेवली, तोंड उघडलं, 'आ' पर्यंत आला. होसियतनं खालून नुसतं झाडूनं छताला एकदा ठोकलं.

"आज जमणार नाही," उस्तो म्हणाला.

त्याचा आवाजच त्याला ओळखीचा वाटला नसावा, कारण तो आजूबाजूला बघायला लागला. मुल्लानं वाईट वाटून घेतलं नाही. बूट काढून तोही गाऱ्यात उतरला. संध्याकाळी ओश झाला, तोही गळतीखालच्या त्याच कढईत, तिला आता दुसरं काम उरलं नव्हतं.

निरोप नोव्हेंबर लागायच्या दोन दिवस आधी गेला. डिसेंबरच्या मध्याला मवलुदा पिठाच्या ट्रकमधून आली, ड्रायव्हरशेजारी उशा रचून बसलेली, आणि विहीणबाई मागे पोत्यांवर, कारण धाबं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नव्हता. तिनं घरभर फिरून वर बघितलं. मग बसून तीन पियाल्या चहा प्यायली आणि प्रत्येक वेळी पियालीवर तळहात धरला, सवय म्हणून.

मुलगी झाली. जानेवारीच्या शेवटी चार दिवस बर्फ कोसळलं, तेव्हा मी रोज जाऊन येत होते. सगळे बाळाकडे बघत असत आणि उस्तो छताकडे. पाळण्याच्या वर त्याची नजर खिळलेली असे, एक थेंब येईल आणि आपण तो हातावर झेलू अशा तयारीनं. थेंब आला नाही. आला तो माझ्याकडे. नोव्हेंबरच्या दहा तारखेला बर्फ कायमचं बसलं तेव्हा माझं धाबं अर्धंच झालं होतं, आणि फेब्रुवारीपर्यंत पुस्तकांच्या कपाटापाशी होसियतची एनॅमलची बादली ठेवून मी दिवस काढले. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. बाळाची दुलई त्या थेंबांच्या आवाजावर शिवून झाली, एवढंच म्हणते.

मार्चअखेर खिडक्या उघडायच्या. पट्ट्या ओल्या करायच्या, फाडायच्या, काच पुसायची. उस्तोनं सगळ्या खिडक्या उघडल्या, गल्लीकडची सोडून. मे उजाडला, जून आला, घराची भट्टी व्हायला लागली. मवलुदा पोरीला घेऊन परत चार दिवस माहेरी आली होती. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"बाबा, फाडा हो ती," मवलुदा म्हणत होती. "पोरीला घामोळं आलंय. आता काय करायचीय ती चिठ्ठी?"

उस्तोची पावलं खिडकीपर्यंत जाऊन थांबली.

"उद्या फाडतो," तो म्हणाला.

आता दुसरा मार्चही उलटला, परवा त्या पोरीनं चालायला सुरुवात केली. खिडकी अजून बंद आहे.